वन्संच्या मशीनचा आवाज

आमच्या वन्संनी शिवलेला शर्ट ओळखायला फार डोकं लागत नाही. नुसता घालून बघावा. एक बाही मनगटापर्यंत येते, दुसरी जरा अलीकडेच थांबते. खिशाची टीप सरळ निघते आणि मधेच कुणी हाक मारल्यासारखी डावीकडे वळते. कपडे न्यायला आलेली माणसं विचारायची, "ताई, आज कोण आलं होतं?" मुंगूस येऊन गेलं असेल तर टीप थोडीच हललेली असायची. पाणमांजरं आली असतील तर गळाच उसवून पुन्हा शिवावा लागायचा. वन्सं हसत हसत उसवून द्यायच्या. चांगली शिंपीण म्हणून त्यांचं नाव कधीच झालं नाही आणि त्याचं त्यांना सोयरसुतकही नव्हतं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गावात कुणी त्यांना वेडी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण ही हकीकत मीच सांगायला हवी. आमच्या ह्यांच्यावर सोपवली तर ते "तसं बघायला गेलं तर दोघांचंही बरोबर" करत बसतील. दोघांचं बरोबर नव्हतं.

नवरा वारल्यावर सासरच्यांनी वन्संना घरातला एक कोपरा देऊ केला. खिडकी नाही, उजेड नाही. "मी काय जुनी ट्रंक आहे, कोपऱ्यात सरकवून ठेवायला?" असं म्हणून त्यांनी शिलाई मशीन हातगाडीवर चढवलं आणि त्या माहेरी आल्या. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यांनी त्यातला वाटा मागितला नाही. मागितली ती सासऱ्यांची जाळी ठेवायची खोली. नदीच्या दरडीवर, गावातलं अगदी शेवटचं छप्पर. भिंतींना ओल, दाराला कडी नाही, आणि कितीही धुतली तरी मासळीचा वास जात नव्हता.

"ताई, तिथे जनावरं येतात," हे म्हणाले.

"बरंच झालं. म्हणजे माणसं कमी येतील."

खोलीला नदीकडे उघडणारी मोठी खिडकी होती, जाळी आतबाहेर करायला केलेली. वन्संनी मशीन त्या खिडकीपाशी लावलं. समोर थोडं अंगण, मग उतार, उताराखाली कपडे धुण्याचा चपटा दगड आणि नदी. तिथे बसून त्यांनी जे पाहिलं ते आम्ही या गावात जन्म काढून पाहिलं नव्हतं. छपरातली वटवाघळं संध्याकाळी एकामागून एक निघायची, तर शेवटचं नेहमी उशीर करायचं, त्याचं नाव त्यांनी 'आळशी' ठेवलं होतं. समोरच्या काठावर पाणी प्यायला येणारा कोल्हा दोन घोट घेऊन मागे बघायचा, पुन्हा दोन घोट. "सासरी जेवतोय जणू," वन्सं म्हणायच्या. साळिंदर कधी दिसलं नाही, पण अंगणात त्याचा काटा पडलेला सापडला. त्या काट्याने वन्सं कॉलरचं टोक आतून ढकलून काढायच्या. गावातल्या सगळ्या कॉलरींची टोकं त्यामुळे ऐटबाज असायची, बाकी शर्टाचं काहीही होवो.

आणि पाणमांजरं. वन्संच्या खोलीखालीच दरडीत, झाडाच्या मुळांमध्ये त्यांचं बीळ होतं. आई, दोन मोठी पोरं, त्या वर्षीची पिल्लं आणि एक म्हातारा. त्याचा एक कान फाटका होता, म्हणून तो कानतुट्या. चांगली दिवसाढवळ्या यायची. धुण्याच्या दगडावर मासा ठेवून कडाकडा खायची, मग ओल्या अंगाने वाळूत लोळायची. पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढायची आणि आई त्यांना मानेला धरून पाण्यात बुचकळायची. पिल्लं ओरडायची. मी दोन पोरं वाढवली आहेत, मला तो ओरडा ओळखू येत होता.

सुरुवातीला ती दिसली की वन्सं पाय थांबवून बघायच्या. पाय थांबला की सगळी एकदम माना वर करायची आणि पाण्यात गडप व्हायची. मशीन पुन्हा सुरू केलं की थोड्या वेळाने हळूच वर. असं बरेचदा झाल्यावर वन्संच्या लक्षात आलं की त्यांना आवाजाचं भय नाही, आवाज थांबण्याचं भय आहे. खडखडखड चालू असेल तर सगळं ठीक. बंद पडलं म्हणजे काहीतरी झालं. तेव्हापासून वन्सं पाय थांबवेनात. डोळे खिडकीबाहेर, पाय पायडलवर, आणि हाताखाली कुणाचातरी बिचाऱ्याचा शर्ट. हळूहळू मुंगूस, कोल्हा, सगळ्यांनाच त्या आवाजाची सवय झाली. मुंगूस तर उंबऱ्यावर बसून अंग खाजवायचं.

गावाला हे सगळं ठाऊक होतं आणि गाव हसत होतं. हसण्यापर्यंत ठीक होतं.

मग मासळी कमी झाली. का कमी झाली, ते देव जाणे. पण जाळी फाटायला लागली, हे खरं. मासेवाल्यांच्या म्होरक्याला गाव भोंगा म्हणतं. तो अलीकडच्या काठावर कुजबुजला तरी पलीकडच्याला ऐकू जातं. त्याचं नवंकोरं जाळं फाटलं आणि त्याने होड्यांच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. आमचे हेही मासेवालेच, ते गेले. बायका मागे उभ्या राहिल्या. वन्सं पुढे जाऊन बसल्या.

"ताई, तुमच्या पाहुण्यांनी माझं जाळं फाडलं," भोंगा म्हणाला.

"फाडलं असेल. मी त्यांना शिवायचं शिकवलेलं नाही."

बायकांत हशा पिकला. भोंग्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मासे खातात ती आमचे!"

"तुमचे कसे? तुमच्यात नियम काय आहे? हात लागेल त्याचा मासा. नदीतल्या माशावर कुणी नाव सांगायचं नाही. तुमच्या बापानेच माझ्या बापाला ऐकवलं होतं ना, ह्याच शेडमध्ये? त्यांचाही हात लागतो. तुमच्याआधी लागतो, त्याला ती काय करणार?"

नियम खरा होता. आमच्या मासेवाल्यांत दोन भाऊ यावरून बोलेनासे होतील, पण नियम मोडायचे नाहीत. पण भोंग्याला उत्तर नको होतं, बीळ हवं होतं. बिळाच्या तोंडाशी धूर करून सगळी बाहेर काढायची आणि संपवायची, असा त्याचा बेत होता. अशा शिकारीला बंदी आहे म्हणतात. पण बंदी करणारे लांब आणि भोंगा जवळ.

"करा धूर," वन्सं म्हणाल्या. "बीळ माझ्या घराखाली आहे. मी दार लावून आत बसते. आधी मी खोकत बाहेर येते की ती, बघू."

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. वन्संनी थेट मासेवाल्यांशी केलं. धुराचा बेत बारगळला, कारण म्हाताऱ्या बाईला घरात कोंडून धूर करायची कुणाची छाती झाली नाही. पण भोंग्याने दुसरा डाव टाकला. त्या बाईकडे कुणी कपडा टाकायचा नाही, असं ठरलं.

"छान," वन्सं मला म्हणाल्या. "काजाबटणांतून सुटले एकदाची."

त्यानंतरही मशीन थांबलं नाही. कपडा नाही, दोरा नाही, नुसती सुई खालीवर. त्या रिकामं मशीन चालवायच्या आणि समोर पिल्लं लोळायची. गावाने कपाळावर हात मारला. मीही स्वस्थ बसणारी नव्हे. मी घरातले धडधाकट उशांचे अभ्रे उसवले आणि हातात दिसतील असे धरून, भोंग्याच्या दारावरून, वन्संकडे शिवायला नेले. ते शिवून झाले की पडदे उसवले. हे म्हणाले, "अगं, चांगले पडदे होते ते!" मी म्हटलं, "आता आणखी चांगले होतील." झाले नाहीत, पण तो मुद्दा नव्हता.

त्या दुपारी मी तिथेच होते, जमिनीवर बसून पडद्याची दुमड घालत होते. वन्सं मशीनवर. नेहमीसारखी खडखड चालू होती. कानतुट्या आधी बाहेर यायचा, मग बाकीची, तसाच तो आला. दगडाकडे निघाला. आणि पालथ्या घातलेल्या होडीमागून माणसं उठली, दोन्हीकडून दोर ओढला गेला आणि पाण्याखाली पसरलेलं जाळं त्याला गुंडाळून वर आलं. तो जाळ्यात गोल गोल फिरत होता. भोंग्याने वल्हं उचललं. मी डोळे मिटले, पण कान कसे मिटायचे?

त्याच्या मागोमाग निघालेली बाकीची परत बिळात गेली. दोराच्या एका टोकाला भोंग्याचा माणूस होता. दुसऱ्या टोकाला आमचे हे. त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं आणि दोर त्यांच्या हातातून सुटला.

इतकं होईपर्यंत वन्संचा पाय चालूच होता. सवयीचा पाय, त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं. तो थांबला तेव्हा खालून भोंग्याची आरोळी आली, "ताई, बंद नका करू! चालू ठेवा, बाकीचीही येतील!"

वन्संच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. भोंगा खोटं बोलला असता तर त्या भांडल्या असत्या. पण तो खरं बोलत होता. आवाज चालू म्हणजे सगळं ठीक, हे त्यांनीच वर्षानुवर्षं त्या जिवांना पटवलं होतं.

"मी बोलावून दिला त्याला," त्या एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी ह्यांना जेवायला वाढलं आणि तोंड उघडलं नाही. आमच्या घरात माझं तोंड बंद म्हणजे छप्पर उडाल्यासारखंच. हे म्हणाले, "मला वाटलं, जाळ्यात धरून लांब नेऊन सोडणार." मी गप्प. "ताई काही म्हणाली का?" मी गप्प. मग हे ताटावरून उठले. मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा वन्सं अंगणात दगड गोळा करत होत्या. बाजूला एक रिकामा पत्र्याचा डबा आणि लाटणं.

"भोंग्यावर टाकायचेत?" मी उत्साहाने विचारलं.

"नाही गं. त्याचं डोकं दगडाहून टणक." त्या पायरीवर बसल्या. "मी रात्रभर विचार केला. मशीन विकून टाकलं तरी काय? भोंग्याच्या बायकोचं असंच मशीन आहे. तो ते काठावर आणून लावेल. त्या जिवांना काय कळणार, कोण चालवतंय? आवाज तोच."

"मग?"

"मग त्या आवाजाची दहशत बसायला हवी. तू मशीन चालव. तुझा पाय माझ्यासारखा पडतो, मीच शिकवलंय तुला. मी बाहेर थांबते."

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाल्यावर मी म्हटलं, "वन्सं, मग ती तुमच्याकडे पुन्हा कधी यायची नाहीत."

"तेच तर करायचंय."

काही दिवस पाणमांजरं फिरकलीच नाहीत. मी रोज थोडा वेळ पायडल मारायची, वन्सं अंगणातल्या कुडाच्या आड उभ्या. मग पिल्लांच्या पोटाने आणि जुन्या सवयीने त्यांना बाहेर काढलं. आई आली, मागोमाग पिल्लं. आवाज चालू होता, म्हणजे सगळं ठीक होतं. वन्सं आडोशातून निघाल्या, लाटण्याने डबा बडवत, शिव्या देत. अशा शिव्या, की मी मासेवाल्याची बायको असून त्यातल्या दोन माझ्यासाठी नव्या होत्या.

पिल्लं पळाली. आई पळाली नाही. मागच्या पायांवर उभी राहून ती वन्संकडे बघत राहिली. ती ह्या बाईला ओळखत होती. खिडकीतली ती बाई, तिने आजवर काही केलेलं नव्हतं.

"जा!" वन्सं किंचाळल्या. "जा ना गं, मेले!"

ती गेली नाही. मग वन्संनी दगड मारला. आजूबाजूला नाही, नेम धरून. तो तिच्या पाठीत बसला. ती कळवळून ओरडली आणि पाण्यात पडली. मी मशीनवर बसून रडत होते आणि पाय थांबवायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून रडत रडत पायडल मारत होते. वन्संनी आणखी एक दगड पाण्यात भिरकावला. मग डबा टाकला आणि तिथेच उतारावर बसून हंबरडा फोडला. नवरा गेला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या, मी तेव्हा तिथे होते.

एकदा करून भागलं नाही. पुन्हा पुन्हा करावं लागलं. आधी दगडावरून पळायची, मग नुसतं डोकं काढून बुडायची, मग मशीनचा पहिला खडखडाट झाला की पाण्यात एक सळसळ व्हायची आणि काठ रिकामा. शेवटी त्यांनी बीळच सोडलं. वरच्या अंगाला खडकांची कपार आहे, जिथे पाणी आपटतं आणि होडी जात नाही, तिथे गेली. पण आवाज सगळ्यांना एकच ऐकू येत होता. डबा बडवला तेव्हा मुंगूसही पळालं, ते उंबऱ्यावर पुन्हा आलं नाही. कोल्हा पाणी प्यायला दुसरीकडे जायला लागला. वटवाघळं तेवढी राहिली, ती कुणाचंच ऐकत नाहीत.

भोंगा पुन्हा आला, जाळं आणि माणसं घेऊन. जिभेवर साखर ठेवून बोलायला लागला.

"ताई, झालं गेलं विसरू. तुमचं काम पुन्हा सुरू होईल, मी सांगतो सगळ्यांना. आता जरा मशीन चालवा."

मला वाटलं, आता वन्सं त्याच्या अंगावर धावून जाणार. पण त्या म्हणाल्या, "चालवते की. त्यात काय?"

त्यांनी जाळं लावलं. होडीमागे दबा धरला. वन्संनी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली, मशीनला तेल दिलं, बसल्या आणि मशीन असं पळवलं की पाट हादरायला लागला. मी दारात उभी होते. वरच्या अंगाला कपारीपाशी दोन-तीन काळी डोकी पाण्यावर होती. आवाज झाला तशी ती एकाच वेळी खाली गेली. नदी जिकडची तिकडे शांत झाली. एक मासासुद्धा उडाला नाही.

भोंगा वाट बघत राहिला. ऊन होडीवरून सरकून त्याच्या मानेवर आलं. शेवटी तो चिखलाने माखलेला खिडकीपाशी आला.

"तुम्ही काय केलंत?"

"शिवतेय," वन्सं म्हणाल्या. पाय थांबला नव्हता. मशीनवर कपडा नव्हता.

"ती येत का नाहीत?"

"त्यांना विचारा. आवाज तर तुमचा मोठा आहे, जाईल तिथपर्यंत. मी संध्याकाळपर्यंत चालवते. उद्याही या, उद्याही चालवीन. तुम्ही म्हणाल तेव्हा चालवीन."

भोंगा बोलायला तोंड उघडून तसाच राहिला. त्याला कळलं होतं. त्याच्याइतका मोठा आवाज असलेला माणूस गप्प राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला फार आनंद झाला, तो मी लपवला नाही.

माणसं पांगली. दोर गुंडाळायला आमचे हे मागे राहिले. गुंडाळून झाल्यावर ते वर आले, ओल्या पायांनी उंबऱ्यापाशी थांबले. किती दिवसांनी बहिणीच्या दारात आले होते.

"ताई," ते म्हणाले, "तू त्यांना कायमची तोडलीस."

"हो."

"तुला घाबरतात आता. भोंग्यापेक्षाही जास्त."

"घाबरायलाच हवं," वन्सं म्हणाल्या. "आत ये, पाय पूस आधी."

हे आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मान वर करेनात. वन्संनी पाय थांबवला नाही. समोर अंगण, उतार, धुण्याचा दगड, सगळं मोकळं पडलं होतं. बघायला काहीच नव्हतं आणि वारा सरळ आत येत होता. मी म्हटलं, "खिडकी लावू का, वन्सं?"

"राहू दे उघडी," त्या म्हणाल्या. "आवाज कपारीपर्यंत जायला हवा."